गुलाब दुबईला गेलेच नव्हते

पुणे जिल्ह्यातल्या पवन मावळात पॉलिहाऊसमध्ये (प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली) डच गुलाब घेणाऱ्या आम्हा काही शेतकऱ्यांचे व्हॅलेंटाइनच्या हंगामाचे पैसे एका माणसाने बुडवले. ‘थेट बाजारपेठ मिळवून देतो’ म्हणत तो आला होता. त्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण उद्या ती जरबेरा किंवा कार्नेशनवाल्यांवरही तशीच चालेल.

तो आला पितृपक्षात. त्या पंधरवड्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, उद्घाटन नाही. पुण्याच्या गुलटेकडी बाजारातून येणारी पट्टी, म्हणजे आडत्याचा विक्रीचा हिशेब, बघवत नाही. गाडीभाडं आणि हमाली गेल्यावर हातात काही राहत नाही. नेमक्या त्या दिवसांत त्याने समाजमंदिरात बैठक घेतली आणि बाजार समजावून सांगितला. सगळा माल एकाच बाजारात ओतू नका, म्हणाला. दादरला काय खपतं, हैदराबादला काय, दिल्लीच्या गाझीपूरला काय, हे सांगितलं. परदेशात घट्ट कळी लागते, इथल्या बाजारात जरा उमललेली चालते. दांडे ४०, ५०, ६० सेंटिमीटर असे वेगळे करून बांधा. १४ फेब्रुवारीचा माल जानेवारीच्या अखेरीस निघतो, तर डिसेंबरच्या मध्यावर पिंचिंग (शेंडे खुडणं) झालंच पाहिजे.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. जुन्या बागायतदारांना बरंचसं आधीच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी माना डोलावल्या. आणि त्यांनी माना डोलावल्या म्हणून नव्या पोरांचा विश्वास बसला. ‘शेतकरी हावरट, म्हणून फसतो’ असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. आम्हाला जादा दराची भूल पडली नव्हती. आमच्या फुलाचं पुढे काय होतं हे आम्हाला इतकं उलगडून कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आडत्याकडून दर कळतो तो फूल विकून झाल्यावर.

नोंदणीची फी त्याने किरकोळच घेतली. पहिले काही माल उचलले, त्याचे पैसे त्याच संध्याकाळी मोबाइलवर जमा झाले, गड्डीमागे (फुलांच्या जुडीमागे) गुलटेकडीपेक्षा थोडे जास्तच. तुळशीची लग्नं लागली, लग्नसराई सुरू झाली आणि मग उधारी आली. पंधरा दिवसांनी पैसे, कारण ‘आता माल दुबईला जातोय, तिकडून पैसे यायला वेळ लागतो’. आम्ही तारण मागितल्यावर त्याने पुढच्या तारखांचे चेक दिले.

नंतर तक्रारी सुरू झाल्या. माल पोचल्यावर पाकळ्यांवर बोट्रायटिस या बुरशीचे डाग निघाले, फुलांच्या माना मोडल्या, म्हणून निम्मेच पैसे. पुरावा म्हणून फोटो यायचे. फूल नाशवंत आहे. तिकडे जाऊन बघणार कोण आणि परत आणून दाखवणार कोण? या धंद्यातली खरी दुखरी नस हीच आहे, आणि ती त्याने बरोबर हेरली होती. माझ्याकडे आलेल्या एका फोटोतल्या गड्ड्या प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये होत्या. आमच्या गड्ड्या नालीदार कागदात बांधलेल्या असतात. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याला विचारलं, तर तोच फोटो त्यालाही आला होता, त्याच्या मालाचा म्हणून.

तोवर फेब्रुवारी उजाडला होता आणि सगळ्यांचा सर्वांत मोठा माल त्याच्याकडे गेलेला होता. चौदा तारीख उलटली आणि त्याचा फोन बंद झाला. चेक भरले, ते खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आले. आमच्यापैकी एकाने टेम्पोवाल्याला गाठलं, तेव्हा खरा प्रकार कळला. बॉक्स विमानतळाकडे कधी वळलेच नव्हते. रात्री निघून पहाटे दादरच्या फूलबाजारात उतरत होते आणि तिथे रोखीने विकले जात होते. म्हणजे आमचाच माल, आमच्याच ओळखीच्या बाजारात, फक्त पैसे दुसऱ्याच्या खिशात.

निर्यातीचं नाव कुणी काढलं तर आयात-निर्यात कोड मागा. तो खरा आहे की नाही हे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. फुलं देशाबाहेर जायची तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि विमानाने जायची तर एअरवे बिल (विमानाने पाठवलेल्या मालाची पावती) बनतं. दोन्हींची प्रत पहिल्याच मालाला मागा, शेवटच्या नव्हे. जीएसटी नंबर नाही म्हणून कुणाला लबाड ठरवू नका, कारण ताज्या फुलांवर करच नाही आणि फक्त फुलांचा धंदा करणाऱ्याला नोंदणीची सक्ती नसते. आणि नंबर आहे म्हणून विश्वासही टाकू नका.

काही झालं तरी थोडा माल जुन्या आडत्याकडे रोज जाऊ द्या. त्याची पट्टी हातात असली की दराची खातरजमा होते, आणि नवा गिऱ्हाईक पळाला तर उभं राहायला जागा राहते. आमच्यातल्या ज्या दोघांनी हे केलं, त्यांचा हंगाम निभावला. बाजार शिकायचा असेल तर तळेगावला हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर आहे. आणि एखादी पहाट गुलटेकडीला किंवा दादरला स्वतः उभं राहून काढा. कोणती गड्डी आधी उचलली जाते आणि कोणती पडून राहते, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

पोलिसांनी आधी ‘ही दिवाणी बाब आहे’ असंच सांगितलं. एकेकटे गेलो तेव्हा कुणी दाद दिली नाही. सगळे मिळून गेलो, एकच फोटो अनेकांना पाठवल्याचं दाखवलं, टेम्पोवाल्याचा जबाब पुढे केला, तेव्हा फसवणुकीची तक्रार घेतली गेली. चेकचं प्रकरण वेगळं चालतं. बँकेने चेक परत केल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे; नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात, त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. ‘देतो, देतो’ ऐकत आमच्या एका मित्राची ही मुदत निघून गेली.

तुमच्याकडूनही कुणी असा माल नेला असेल तर आजच टेम्पोवाल्याकडून भाड्याच्या पावत्यांच्या प्रती घेऊन ठेवा. हंगाम संपला की ती पावती पुस्तकं रद्दीत जातात.