पोटगीचे बुडालेले आठ महिने

नवऱ्याने लावलेल्या घटस्फोटाच्या दाव्याची नोटीस आली तेव्हा मी मुलीला घेऊन नाशिकच्या सिडकोत आईकडे राहत होते. सातपूरला पॅकिंगचं काम, हातात ११ हजार. मला घटस्फोट नको होता आणि वकील लावायला पैसे नव्हते. सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा कोर्टाबाहेर चौकशी करत होते, तिथेच तो भेटला. पांढरा शर्ट, काखेत फायली. "ताई, पोटगीचं काम आहे ना?"

आपण वकील आहोत असं तो कधीच म्हणाला नाही. "आमचे वकीलसाहेब बघतील, तुम्ही फक्त सही करा." हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज टाकला की ६० दिवसांत महिना १५ हजार सुरू, असं त्याने सांगितलं. घरी येऊन मोबाइलवर पाहिलं, तर ६० दिवस खरंच कायद्यात आहेत. म्हणून विश्वास बसला. पण कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून 'शक्यतो' ६० दिवसांत. तो शब्द त्याने गाळला होता, आणि माझ्याही नजरेतून सुटला.

कोर्ट फीचे म्हणून १८ हजार घेतले, मग लवकर तारीख लावायचे १२ हजार. आईने पाटल्या गहाण ठेवल्या. गोल शिक्क्याची पावतीही मिळाली. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत बाईला कोर्ट फी माफ आहे, हे तेव्हा माहीत असतं तर तिथूनच उठून आले असते.

पुढे आठ महिने एकच उत्तर: "तारीख पडली, तुम्हाला यायची गरज नाही." बायांनो, हे वाक्य कानावर पडलं की त्याच दिवशी स्वतः कोर्टात जा.

शेजारच्या मावशींच्या मुलाने नोटिशीवरचा सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा स्वतंत्र नंबर, कोर्टांच्या ई-कोर्ट्स ॲपवर टाकला. सगळ्या तारखा समोर आल्या. माझ्या बाजूने कुणी हजर नाही, वकिलाचं नाव नाही, पोटगीचा अर्जच नाही. दावा माझ्याविरुद्ध एकतर्फी, म्हणजे माझी बाजू न ऐकताच, चालवायचा हुकूम झालेला होता. मी कितीतरी वेळ मोबाइल धरून बसले होते.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "वकीलपत्राची प्रत कुठेय?" वकीलपत्र म्हणजे वकिलाला आपल्या वतीने उभं राहायला दिलेला सहीचा कागद. मी सह्या केल्या होत्या त्या दोन कोऱ्या कागदांवर. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० या हेल्पलाइनवर फोन करूनही माहिती मिळते. मला वकील मिळाल्या, एकतर्फीचा हुकूम त्यांनी रद्द करून घेतला. त्या माणसाचा फोन बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली, पण निम्मे पैसे रोख दिले होते, त्याचा पुरावा म्हणजे तेवढी ती शिक्क्याची पावती.

आता पोटगीचा अर्ज खरोखर दाखल आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालामुळे उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र नवऱ्यालाही द्यावं लागतंय. त्याच निकालाप्रमाणे पोटगी धरतात ती अर्जाच्या तारखेपासून. माझा अर्ज गेल्या महिन्यातला आहे. त्याआधीच्या आठ महिन्यांचा, मुलीच्या शाळेच्या फीचा, घरात भरलेल्या किराण्याचा एक रुपयाही त्यात येणार नाही.