लेमी: आधी सर्व्हर, मग गप्पा

लेमी म्हणजे रेडिटसारखाच गप्पांचा अड्डा, फक्त एकमेकांना जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारा. रेडिटची सवय घेऊन इथे आलात की दारातच प्रश्न: खातं कुठल्या सर्व्हरवर काढायचं? फार डोकं लावू नका. ईमेलसारखंच आहे, जीमेलवाला याहूवाल्याला लिहितोच की. शोध मात्र वैताग आणतो. तुमच्या सर्व्हरवरच्या कुणीच एखादा कट्टा (म्हणजे एका विषयाचा गट) जोडला नसेल, तर तो दिसतच नाही. पूर्ण पत्ता चिकटवावा लागतो. वर एकाच नावाचे कट्टे चार ठिकाणी. शिवाय दोन सर्व्हरच्या अ‍ॅडमिनचं बिनसलं की संपलंच: जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड या दुसऱ्या सर्व्हरशी संबंधच तोडले. मराठी माणूस मला तरी अजून भेटला नाही. पण जाहिराती नाहीत, आणि लिनक्सवाल्यांच्या गप्पा काय रंगतात! मोबाइलवर व्हॉयेजर अ‍ॅप घ्या. चार तारे, पाचवा शोध सुधारल्यावर.