ठासणीची की काडतुशीची? बार उडत नाही तेव्हा

शेती संरक्षणाचा परवाना हातात पडत आला की बागायतदारासमोर प्रश्न येतो: नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ठासणीची बंदूक घ्यायची, की काडतूस घालायची बारा बोअरची एकनळी? दुकानात, नाक्यावर, चहाच्या टपरीवर सगळे पल्ल्यावर आणि किमतीवर बोलतात. कोकणात हा निर्णय पावसाळ्याकडे पाहून करावा. भात पसवायला लागतं, रानडुकरं उतरतात, आणि नेमकी तेव्हाच हवा ओलीचिंब असते. बार उडणार नाही अशी वेळ येणारच, आणि त्यानंतर हातातल्या बंदुकीचं काय करायचं यात दोघींचा खरा फरक आहे.

ठासणी स्वस्त पडते, आणि एक गुण तिचाच. छर्रे न घालता नुसत्या दारूचा बार काढता येतो. मोठा आवाज, ढगभर धूर, आणि वानरांची टोळी कलमांवरून पसार. आपल्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं. परवाना आहे म्हणून डुक्कर पाडता येत नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते, आणि गव्याकडे तर नळी वळवायचीच नाही.

पण ठासणी पावसात रुसते. दोष बहुतेक जण दारूला देतात, पण नीट ठेवलेली काळी दारू तितकी ओल धरत नाही. ओल ओढते ती बारानंतर नळीत उरलेली काजळी. रात्री दोन बार काढून बंदूक तशीच मांगरात टेकवली, तर सकाळपर्यंत ती काजळी चिकट होते, निपलचं, म्हणजे ठिणगी दारूपर्यंत नेणाऱ्या बोंडीचं, बारीक भोक बुजतं आणि नळीला आतून गंज धरायला लागतो. देवगड-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात तर विचारूच नका. उपाय जुनाच: त्याच रात्री कढत पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, मग तेलाचा हात. इथे दुसरी गंमत होते. हेच तेल निपलच्या वाटेत उतरतं, आणि पुढच्या वेळी केप (निपलवर बसवायची ठिणगीची टोपी) वाजते पण बार पेटत नाही. म्हणून बंदूक भरण्याआधी रिकाम्या नळीवर एखाददुसरी केप वाजवून ती वाट साफ करून घ्यावी.

केप वाजली आणि बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला रोखून निदान मिनिटभर तशीच धरायची. आत ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा सुटतो. नळीच्या तोंडाशी डोकं नेऊन 'काय झालं बघू' म्हणणं तर नकोच नको. मग निपल तारेने साफ करून नवी केप. तरीही नाही, तर आतला भरणा पेच लावलेल्या गजाने, म्हणजे ठासायच्या दांड्याने, उपसावा लागतो. ते काम जाणत्यानेच करावं. शिवाय आधीचा भरणा आत आहे हे विसरून त्यावर दुसरा ठासला तर नळी फुटते. यासाठी गजावर दोन खुणा कराव्यात: रिकाम्या नळीत गज कुठवर जातो ती एक, भरल्यावर कुठवर ती दुसरी. आणि काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत घालणं म्हणजे स्वतःच्या हाताने नळी उडवणं.

एकनळीचं दुखणं वेगळं. चाप ओढला, नुसता टक् आवाज आला. काडतूस जुनं असेल, नाहीतर घोड्याच्या स्प्रिंगमध्ये घट्ट झालेलं ग्रीस. इथेही अर्धा मिनिट थांबायचं, मग बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, काडतूस काढायचं, की बंदूक रिकामी. ठासणीत हे होत नाही, आणि माझ्या दृष्टीने निर्णय इथेच लागतो. भरलेली ठासणी कितीतरी घरांत पडवीच्या खुंटीला आठवडाभर लटकलेली असते, कारण उपसायचा कंटाळा आणि बार फुकट घालवायचा जीव होत नाही. निवडणूक लागली की हीच बंदूक जमा करायला पोलीस ठाण्यात जाते. आत काय आहे ते घरच्यांनाही आठवत नसतं.

काडतुसाचा बार 'टुप' असा दबका वाजला तर दुसरं काडतूस लगेच घालू नये. बंदूक मोडून, नळी रिकामी आहे हे पाहून, आत काही अडकलेलं नाही ना, म्हणून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघावं. कागदी काडतुसं पावसात फुगून अडकतात, प्लास्टिकची घ्यावीत. सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. चुलीवरच्या माळ्यावर ती सुकवायची ही जुनी सवय मोडायलाच हवी.

जुनी एकनळी घेत असाल तर एक गोष्ट मात्र दुकानदाराकडून मोजून घ्या. जुन्या विलायती बंदुकांचं काडतुसाचं घर बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं सहसा 70 ची. न उडालेलं 70 चं काडतूस त्यात अलगद बसतं, म्हणून फसायला होतं. ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते, त्याला पुढे जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

पैसे वाचवायला घरी काडतुसं भरून देणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नये. दारूगोळा बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, आणि भरणा चुकला की दोष दाखवायला बंदूक जाग्यावर नसते.

नवीन घेणाऱ्याला मी एकनळीच सुचवीन. ठासणी ठेवावी ती ज्याच्या घरी आधीपासून आहे, जो मुख्यतः आवाजाचे बार काढतो आणि दर बारानंतर न कंटाळता नळी धुतो त्याने. कायद्याचा कल मात्र उलटा आहे. याच शस्त्र कायद्याचं कलम 13 पीक राखणीसाठी ठासणीच धरून चालतं. ठासणी पुरेशी नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना पटलं, तरच 20 इंचांपेक्षा आखूड नळी नसलेली आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक (बारा बोअरची एकनळी यातलीच) मिळू शकते. म्हणून अर्जात नुसतं 'शेती संरक्षणासाठी' लिहून भागत नाही. ठासणी का पुरत नाही ते चार ओळींत लिहा, आणि पीक नुकसानीचे पंचनामे झाले असतील तर त्यांच्या प्रती सोबत जोडा.