नौदल आणि विमानांवरच्या व्यंगचित्रांचा संच: गावच्या वाचनालयात लावण्याजोगा आहे का?

ए-3 आकाराचे 18 तक्ते, 170 जीएसएमच्या (चौरस मीटरला 170 ग्रॅम वजनाच्या) आर्ट पेपरवर छापलेले. मे महिन्यात विदर्भातल्या वाचनालयात कूलर लागतोच आणि त्याच्या ओल्या झोतात हा कागद दुपारपर्यंत फुगून पापडासारखा होतो. टिनाच्या छताखाली दुहेरी टेपचा डिंक सुटतो तो वेगळाच. म्हणून तक्ते 5 मिलिमीटरच्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर चिकटवा, वर दोन छिद्रं पाडून सुतळीनं टांगा. 3 मिलिमीटरचा सनबोर्ड तापलेल्या भिंतीवर वाकतो. लॅमिनेशन मॅटच घ्या, नाहीतर चित्राऐवजी ट्यूबलाइट दिसते.

चित्रांची निवड जाणकारानं केलेली आहे. पहिल्याच तक्त्यावर ‘पक’ या अमेरिकी साप्ताहिकातलं 1909 चं चित्र: अंकल सॅम, जर्मन कैसर, इंग्लंडचा राजा, फ्रान्स आणि जपान पत्ते खेळताहेत, डावावर लावल्यात युद्धनौका. 1906 मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरली, 12 इंची 10 तोफांची. तिच्यापुढे जुन्या नौका एका फटक्यात कालबाह्य ठरल्या, तिथून ही चुरस पेटली. एवढी माहिती तक्त्याखाली आहे, चांगली आहे. पण ‘नो लिमिट’ या शीर्षकाचं भाषांतर केलंय ‘मर्यादा नाही’! हे तर सासूनं सुनेला म्हणावं तसं झालं. पत्त्यांच्या फडात म्हणतात, ‘लावा कितीही’. तेवढी चिठ्ठी वरून चिकटवा.

खरी फसगत ब्रिटनमधले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या चित्रात आहे. 18 जून 1940, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सनं जर्मनीकडे शस्त्रसंधी मागितल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. खवळलेल्या समुद्राकाठच्या खडकावर एकटा ब्रिटिश सैनिक आभाळातल्या विमानांकडे मूठ उगारून उभा. मूळ शब्द ‘व्हेरी वेल, अलोन’, म्हणजे ‘बरं, एकटा तर एकटा!’. तक्ता छापील पुस्तकातून स्कॅन केलेला दिसतो: जुन्या छपाईच्या ठिपक्यांवर नव्या छपाईचे ठिपके बसून जाळी पडली आणि लांबची विमानं त्यातच गडप. विमानंच दिसेनात, तर पाहणाऱ्याला वाटणार हा ढगांवर चिडलाय. पैसे देण्याआधी हा तक्ता सहा फुटांवरून पाहा, विमानं दिसली नाहीत तर बदलून मागा.

शेवटच्या तक्त्यावर ‘अमेरिकेनं 1940 मध्ये 50,000 विमानं बांधली’ असं छापलंय. ते खोडा. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मे 1940 मध्ये वर्षाला तेवढी बांधण्याची क्षमता मागितली होती. प्रत्यक्षात 1944 या एकाच वर्षात 96,000 हून जास्त विमानं तयार झाली.