'आयपी ६५'चं स्टिकर आणि सोसायटीची फसवणूक: पावसाळी कामं काढण्याआधी वाचा

सोसायटीच्या आवारात विजेची कामं काढणाऱ्या प्रत्येक कमिटीपर्यंत हे पोचावं म्हणून लिहितोय. आमची सोसायटी कोपरखैरण्यात, खाडीच्या बाजूला. मी कमिटीत आहे आणि या व्यवहाराची फाइल माझ्याकडे आहे, त्यामुळे खाली जे आहे ते कागद समोर ठेवून लिहिलंय. धूळ-पाणी आत शिरू न देण्याचा 'आयपी ६५' हा दर्जा सांगून ठेकेदाराने आम्हाला विजेच्या गळक्या पेट्या विकल्या. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचं नाव देत नाही. पण त्याने जे केलं ते करणारा तो एकटा नाही. शेजारच्या दोन सोसायट्यांमध्ये विचारलं, तर कोटेशनमधली वाक्यंसुद्धा जवळपास तीच निघाली.

काम साधं होतं. बागेतले दिवे, गेटचे दिवे आणि बोअरवेलचा पंप यांच्या उघड्यावरच्या लोखंडी पेट्या सडल्या होत्या. खाडीचा खारा वारा, त्यात जवळच्या टीटीसी एमआयडीसीतल्या कारखान्यांची हवा, इथे पत्रा फार काळ टिकत नाही. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं, "सर्व पेट्या आयपी ६५, वॉटरप्रूफ, आयएसआय मार्क." दर साध्या पेटीच्या जवळजवळ दुप्पट, आणि तो दुप्पट दर फक्त या आकड्याचा. सोबत एका प्रयोगशाळेच्या टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स जोडलेली. पेट्या आल्या त्या छान करड्या रंगाच्या, पावडर कोटिंग केलेल्या, दारावर चकचकीत स्टिकर. बिल चुकतं केलं, फक्त ठरल्याप्रमाणे थोडी रक्कम वर्षभरासाठी राखून ठेवली.

हा आकडा म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो, कारण फसवणुकीचा सगळा खेळ त्यावरच चालतो. 'आयपी'नंतरचे दोन अंक दोन वेगळ्या परीक्षांचे असतात. पहिला अंक आत काय शिरू शकतं याचा. २ असेल तर साडेबारा मिलिमीटर जाडीचं, म्हणजे साधारण बोटाएवढं काही आत जात नाही. ४ असेल तर एक मिलिमीटरची तारही जात नाही. ५ म्हणजे थोडी धूळ जाईल पण काम बिघडवणार नाही. ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. या सहासाठी पेटी बारीक टाल्कम पावडर उडणाऱ्या कपाटात ठेवतात आणि आतली हवा पंपाने ओढत राहतात. ही परीक्षा आठ तासांपर्यंत चालते. दुसरा अंक पाण्याचा. ४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडणारं पाणी. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोंडाच्या नळीने, मिनिटाला साडेबारा लिटर या वेगाने, अडीच ते तीन मीटरवरून सगळ्या बाजूंनी किमान तीन मिनिटं मारलेला फवारा. ६ ला मिनिटाला १०० लिटरचा झोत असतो. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणं. हे सगळं आपल्याकडे आयएस/आयईसी ६०५२९ या मानकात आहे. म्हणजे आयपी ६५ हे कुणी कौतुकाने द्यायचं विशेषण नाही. एका ठरावीक पेटीने एका ठरावीक परीक्षेत दिलेलं ते उत्तर आहे.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि बागेतल्या दिव्यांचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ज्याला अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात, पडायला लागला. वर केला की पुन्हा पडायचा. ठेकेदाराला फोन केला, त्याचा माणूस आला, अर्धा तास काहीतरी केलं आणि म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात थोडं होतंच. आता नाही पडणार." खरंच पडला नाही. आठवडाभराने आमच्या वॉचमनने गेटजवळच्या पेटीचं दार बंद करायला हात लावला आणि त्याला झिणझिण्या आल्या. पायात रबरी गमबूट होते म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्याच बागेत संध्याकाळी सोसायटीची मुलं अनवाणी खेळतात.

लगेच मेन बंद केला आणि रबाळ्यात पॅनेल बनवण्याचं वर्कशॉप असलेल्या एका परवानाधारक दादांना बोलावलं. एका सभासदाच्या ओळखीचे आहेत, त्यांचा या कामाशी काही संबंध नव्हता. त्यांनी पहिली पेटी उघडली ती मुख्य पॅनेलची, आणि काही क्षण बोललेच नाहीत. आरसीसीबी जागेवर होता, पण त्याच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरी सरळ एकमेकींना जोडून त्याला बाजूला टाकलं होतं. ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडायची, एवढं एकच काम त्या उपकरणाचं. ते आपलं काम चोख करत होतं, म्हणून पडत होतं. त्या माणसाने बिघाड शोधण्याऐवजी बिघाड सांगणाऱ्यालाच गप्प केलं. पैशांची फसवणूक मी समजू शकतो. हे मी आजही विसरू शकत नाही.

मग बाहेरच्या पेट्या. तळाशी पाणी साचलेलं. दाराच्या आतलं रबर सलग नव्हतं; चार तुकडे कापून गोंदाने चिकटवलेले, आणि चारही कोपऱ्यांत फट. दादांनी सांगितलं की चांगल्या पेटीत एकतर फोमचं गॅस्केट मशीनने सलग ओततात, नाहीतर कोपऱ्यावर जोड येणार नाही असं वळवतात. केबल वरून आत घेतल्या होत्या, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसून भोक बंद करणारा तुकडा) न लावता, नुसत्या भोकातून, आणि भोवती एमसील थापलेलं. भिंतीवर बसवायला मागे पाडलेली भोकं तशीच उघडी. दाराला अर्थिंगची लवचीक वायर नव्हती, म्हणूनच वॉचमनला दारावर करंट लागला. पत्रा सोळा गेजचा लिहिला होता, मोजला तर अठरा गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटरऐवजी १.२. अशा पेटीला ६५ सोडा, ५४ म्हणणंही धाडसाचं, असं ते म्हणाले. आणि समजा पेटी कारखान्यातून खरोखर आयपी ६५ ची आली असती, तरी जागेवर ड्रिलने एक भोक पाडून ग्लँड न लावता केबल घातली की तो आकडा त्या क्षणी संपतो. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि ठेकेदारांना पक्कं माहीत असतं.

आयएसआय मार्कचं काय? तो होता. पेटीच्या आतल्या एमसीबीवर, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर! एमसीबीसाठी तो बरोबरच आहे, पण त्याचा पेटीत पाणी शिरण्याशी काडीचा संबंध नाही. कोटेशनमध्ये मात्र तो 'पेट्या' या शब्दापुढे लिहिला होता.

आता टेस्ट रिपोर्ट. झेरॉक्समध्ये पान एक होतं, पान दोन नव्हतंच, आणि मॉडेल क्रमांकाची जागा फिकट झालेली. रिपोर्ट क्रमांक मात्र वाचता येत होता. प्रयोगशाळेला तो क्रमांक देऊन ईमेल केली. त्यांनी उत्तर दिलं की त्या क्रमांकाचा रिपोर्ट वेगळ्याच कंपनीला दिलेला आहे, आणि तपासलेली वस्तू म्हणजे तळहातावर मावेल असा अॅल्युमिनियमचा डायकास्ट जंक्शन बॉक्स. म्हणजे कागद खरा, प्रयोगशाळा खरी, परीक्षाही खरी. फक्त परीक्षा दुसऱ्याच कुणीतरी दिलेली. ठेकेदाराने कागद खोटा छापण्याचीही तसदी घेतली नव्हती, कारण पान दोन कुणी मागत नाही.

जाब विचारल्यावर त्याने जे केलं तेही लिहून ठेवतो, कारण अनेक जण याच टप्प्यावर दुसऱ्यांदा फसतात. तो गोड आवाजात म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे पाऊस जास्त आहे. थोडे पैसे वाढवा, आयपी ६८ लावतो. ६५ च्या वरचं, त्यात सगळंच आलं." नाही येत. ७ आणि ८ हे बुडवण्याच्या परीक्षेचे अंक आहेत, ५ आणि ६ झोताचे. बुडवल्यावर टिकलेली पेटी झोतातही टिकेल असं मानक धरत नाही. दोन्ही परीक्षा दिल्या असतील तर दोन्ही आकडे छापावे लागतात, म्हणजे आयपी ६६/आयपी ६८ असे. शिवाय ८ चा अर्थ किती खोल आणि किती वेळ, हे बनवणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. भिंतीवर पावसात उभ्या असलेल्या पेटीसाठी ६८ मागण्यात काही अर्थच नाही. तिथे खरोखरच्या ६५ ला नीट ग्लँड लावले तर पुरतं.

आणि खारी हवा? तिच्याबद्दल आयपीचा आकडा एक शब्दही बोलत नाही. गंज, ऊन, आतल्या आत धरणारं दव, यातलं काहीच त्यात मोजलेलं नसतं. कुणी वर येऊन दणका दिला तर पेटी टिकेल का, हेही नाही. त्याला आयके नावाचं वेगळं मोजमाप आहे. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ या खाडीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी आकड्याइतकंच पेटी कशाची आहे हे विचारायला हवं. आम्ही बाहेरच्या पेट्या आता उन्हाला टिकणाऱ्या एफआरपीच्या, म्हणजे फायबर घातलेल्या प्लास्टिकच्या घेतल्या आहेत, केबल सगळ्या खालून ग्लँडमधून, आणि मोठ्या पेटीला तळाशी दव निघून जायला ब्रीदर ड्रेन.

दादांनी शिकवलेल्या दोन तपासण्या कुणालाही करता येतात, दोन्ही वीज बंद ठेवून. दाराची जी कड गॅस्केटवर दाबली जाते तिला खडू फासायचा, दार लावून कुलूप फिरवायचं आणि उघडायचं. गॅस्केटवर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथून पाणी येणार. दुसरी, रात्री पेटीत पेटता टॉर्च ठेवून दार लावायचं आणि चारही बाजूंनी, मागूनसुद्धा, बघायचं. आमच्या जुन्या पेटीतून प्रकाश कोपऱ्यांतून आणि मागच्या भोकांतून स्वच्छ दिसत होता. यातून ६५ सिद्ध होत नाही, ते प्रयोगशाळेतच होतं. पण खोटं ६५ मात्र पाच मिनिटांत उघडं पडतं.

वर्क ऑर्डरमध्ये आता आम्ही लिहितो की आयपीचा आकडा केबल, ग्लँड आणि भोकांसकट जागेवर बसवलेल्या पेटीला लागू राहील. टेस्ट रिपोर्टची सगळी पानं हवीत. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल आणि मापं आलेल्या पेटीशी जुळली पाहिजेत. आणि एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचा रिपोर्ट असेल तर त्यावरचा यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतंत्र क्रमांक, आम्ही प्रयोगशाळेकडून तपासून घेऊ. हे शेवटचं वाक्य वाचून एका ठेकेदाराने कोटेशनच परत घेतलं. आरसीसीबीबद्दल वेगळी ओळ आहे: तो कोणत्याही कारणाने बायपास केल्यास ठेका रद्द. शिवाय दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण वॉचमन दाबतो आणि वहीत सही करतो.

आमच्या तक्रारीचं म्हणाल तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, ठेकेदाराने दाद दिली नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. नवी मुंबईकरांसाठी अतिरिक्त ठाणे आयोग बेलापूरच्या कोकण भवनात आहे. २०१९ च्या कायद्यात 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्था येते, त्यामुळे सोसायटीच्या नावाने तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पेटी उघडतानाचे फोटो, जोडलेल्या वायरींचा व्हिडिओ, प्रयोगशाळेची ईमेल आणि दादांचा लेखी अहवाल, हे सगळं आम्ही एकही पेटी हलवण्याआधी तयार केलं होतं. तुमच्याकडे असं घडलं तर दुरुस्तीची घाई होईलच, पण वीज तोडल्यावर फोटो काढेपर्यंत कुणालाही आत हात घालू देऊ नका, ठेकेदाराच्या माणसाला तर मुळीच नाही.

निकाल अजून यायचा आहे. जुन्या पेट्या पुरावा म्हणून पंपरूममध्ये ठेवल्या आहेत, स्टिकरसकट. आजूबाजूच्या सोसायट्यांपैकी कुणाला नवीन काम काढण्याआधी त्या उघडून बघायच्या असतील, तर रविवारी सकाळी गेटवर येऊन कमिटीचं नाव सांगा, आम्ही दाखवू.