‘मायामी व्हाइस’ (२००६): फसलेला चित्रपट की उपेक्षित?

मायकेल मान दिग्दर्शित ‘मायामी व्हाइस’ २८ जुलै २००६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून त्याच्याविषयी दोन टोकांची मते चालत आलेली आहेत. एका पक्षाच्या मते तो कंटाळवाणा, अगम्य आणि दिसायलाही ओबडधोबड आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते तो त्या दशकातील सर्वांत धाडसी ॲक्शनपटांपैकी एक आहे. सुमारे १३ कोटी ५० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरातून सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलर मिळवले, आणि चित्रपटगृहांचा वाटा व जाहिरातीचा खर्च वजा केला तर हा आकडा अपयशाचाच आहे. हा चित्रपट पाहावा की नाही, आणि पाहायचा तर त्याच्या दोन आवृत्त्यांपैकी कोणती निवडावी, अशा विचारात असलेल्या प्रेक्षकासाठी दोन्ही पक्षांचे म्हणणे समोरासमोर ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र पहिल्या पक्षाचे सगळेच आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत.

प्रेक्षकांच्या नाराजीचा मोठा भाग चित्रपटातून आला नव्हता, तो नावातून आला होता. १९८४ ते १९८९ या काळात एनबीसी वाहिनीवर याच नावाची मालिका गाजली होती आणि मान स्वतः तिचा कार्यकारी निर्माता होता. फिकट गुलाबी व आकाशी रंगांचे कपडे, चकचकीत गाड्या, यान हॅमरचे संगीत आणि दोन नायकांमधली खुसखुशीत जुगलबंदी ही त्या मालिकेची ओळख होती. चित्रपटात यातले जवळजवळ काहीच नाही. सनी क्रॉकेट आणि रिकार्डो टब्स या मायामीच्या गुप्त पोलिसांची नावे तीच आहेत, पण कॉलिन फॅरेल आणि जेमी फॉक्स यांनी उभे केलेले हे दोघे क्वचितच हसतात आणि एकमेकांशी कामापुरतेच बोलतात. उन्हात न्हालेल्या मायामीऐवजी येथे बहुतेक वेळ रात्र आहे, ढगाळलेले आकाश आहे आणि दूरवर चमकणाऱ्या विजा आहेत. मालिकेच्या आठवणी जागवायला जो जाईल त्याची निराशा ठरलेली आहे. त्याने जुनी मालिकाच पुन्हा पाहावी, त्यात कमीपणाचे काही नाही.

आता कथेकडे वळू. केंद्रीय तपास यंत्रणेची एक गुप्त कारवाई फितुरीमुळे उघडी पडते आणि तिचे लोक मारले जातात. क्रॉकेट व टब्स त्या यंत्रणेचे नसल्यामुळे त्यांची ओळख सुरक्षित असते, म्हणून अमली पदार्थांची वाहतूक करणारे चोरटे असल्याचे सोंग घेऊन त्यांना टोळीत शिरायला सांगितले जाते. एवढे कथानक दोन ओळींत सांगता येते, पडद्यावर मात्र ते समजून घ्यायला कान टवकारून बसावे लागते. पात्रे पोलिसी परिभाषेत, तुटक वाक्यांत आणि बरेचदा पुटपुटल्यासारखी बोलतात आणि कोणीही प्रेक्षकासाठी थांबून खुलासा करत नाही. समर्थक म्हणतात की हेच तर वास्तव आहे, आपण सोंग घेतलेल्या माणसांच्या जगात मध्येच येऊन पडलो आहोत आणि तिथे आपल्याला समजावून सांगायला कोणी बांधील नाही. हे समर्थन मला निम्मेच पटते. परिभाषा न समजल्याने बिघडत नाही, कारण प्रसंगाचा ताण आवाजाच्या चढउतारांतून कळतो. पण टोळीच्या वरच्या फळीतला माँतोया, म्हणजे लुइस टोसारने अत्यंत शांतपणे साकारलेला खरा सूत्रधार, शेवटी हाताला लागतच नाही आणि त्या निसटण्याला चित्रपट म्हणावे तेवढे वजनही देत नाही, ही पटकथेचीच उणीव मानली पाहिजे. वास्तवात मोठे मासे सुटतात हे खरे असले, तरी ते सुटल्याची बोच प्रेक्षकाला लागायला हवी होती.

दृश्यरूपाविषयीचा वाद सर्वांत कडवट आहे आणि माझ्या मते येथेच चित्रपटावर सर्वांत मोठा अन्याय झाला आहे. छायालेखक डिऑन बीब आणि मान यांनी हा चित्रपट मुख्यतः थॉमसन कंपनीच्या वायपर या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला. याच कॅमेऱ्याचा वापर मान यांनी २००४ च्या ‘कोलॅटरल’मध्येही केला होता. फिल्मवर रात्र चित्रित करायची म्हणजे एरवी मोठमोठे दिवे लावावे लागतात, त्यामुळे माणसांचे चेहरे उजळतात पण मागचे आकाश काळ्या पडद्यासारखे सपाट होऊन जाते. वायपरला शहराच्या आपसूक पसरलेल्या उजेडातही दिसत असे. त्यामुळे इमारतीच्या गच्चीवर उभ्या असलेल्या नायकांच्या मागे नारिंगी-जांभळे आकाश, ढगांचे थर आणि रस्त्यांच्या दिव्यांची दूरवर गेलेली ओळ हे सगळे एकाच वेळी दिसते. कॅमेऱ्याचे संवेदक लहान असल्याने जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहते आणि नटाच्या खांद्यावरून मैलभर लांबचे शहर दृश्याचा भाग बनते. याची किंमत म्हणजे अंधाऱ्या भागांत प्रतिमेवर खरखर दिसते, जलद हालचालींत कडा पुसट होतात आणि काही चौकटी घरगुती व्हिडिओसारख्या भासतात. ज्यांनी तिकीट काढून हॉलीवूडचा गुळगुळीत चकचकीतपणा अपेक्षिला होता त्यांना ही फसवणूक वाटली.

ती फसवणूक नव्हती, निवड होती. अर्थात निवड आहे म्हणून ती आपोआप चांगली ठरत नाही, हेही मान्य करायला हवे. दिवसाच्या उजेडातल्या काही संवादप्रसंगांत ही प्रतिमा खरोखरच निस्तेज दिसते आणि तिथे टीकाकारांचे म्हणणे ग्राह्य आहे. रात्रीच्या आणि समुद्रावरच्या दृश्यांत मात्र तिला तोड नाही. क्रॉकेट आणि टोळीची हिशेबनीस इझाबेला (गोंग ली) मोहितो पिण्यासाठी वेगवान बोटीतून थेट हवानाकडे निघतात तो प्रसंग पाहा. कथेच्या हिशेबाने तो अविश्वसनीय आहे, कोणत्याही शहाण्या गुप्त पोलिसाने असे करू नये. पण निळ्या-करड्या पाण्यावर बोटीमागे उमटत जाणारी पांढरी रेघ आणि वरचे अवाढव्य आकाश यांनी तो प्रसंग आपल्या बळावर पेलला आहे.

ॲक्शनच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो प्रमाणाचा, आणि त्यावर प्रामाणिक उत्तर असे की सव्वादोन तासांच्या चित्रपटात गोळीबाराचे मोठे प्रसंग मोजकेच आहेत. दर दहा मिनिटांनी काहीतरी फुटायला हवे असेल तर हा चित्रपट टाळावा. जे प्रसंग आहेत त्यांत मात्र बंदुकीचा आवाज कानाला टोचणारा, कोरडा आणि खराखुरा आहे, त्यावर संगीताचे आवरण घातलेले नाही आणि गोळी कोठून आली हे पात्रांप्रमाणेच आपल्यालाही क्षणभर कळत नाही.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. टब्सची सहकारी आणि प्रेयसी ट्रुडी (नेओमी हॅरिस) हिचे अपहरण होते आणि तिला एका ट्रेलर-घरात बांधून ठेवले जाते. पोलीस आत घुसतात तेव्हा स्फोटकाचा खटका एका गुंडाच्या हाती असतो. त्यांच्यातली जीना (एलिझाबेथ रॉड्रिगेझ) बंदूक रोखून त्याला अजिबात आवाज न चढवता समजावते की गोळी मेंदूच्या बुडाशी नेमकी कोठे लागेल आणि ती लागल्यावर त्याचे बोट हलूसुद्धा शकणार नाही. तो विचार करेपर्यंत ती गोळी झाडते. येथे ना हळू गतीची चाल आहे, ना शेरेबाजीचा संवाद. शरीरशास्त्राची माहिती हीच धमकी आहे आणि तीच कृती. सुटका झाली असे वाटत असतानाच पुढच्या काही क्षणांत स्फोट होतो, ट्रुडी मरणाच्या दारात जाते आणि कौशल्याने जिंकलेली बाजी डोळ्यांदेखत उधळली जाते. ॲक्शनपटात सहसा नायकांच्या कामगिरीला लगेच बक्षीस मिळते. येथे ते मिळत नाही, आणि चित्रपटाला थंड म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग कसा पाहिला असेल याचे मला नवल वाटते.

प्रेमकथेविषयी थोडक्यात. गोंग ली ही थोर अभिनेत्री आहे, पण इंग्रजी संवाद म्हणताना ती अवघडलेली जाणवते आणि काही वाक्ये अक्षरशः हातातून निसटतात. तिची इझाबेला ही टोळीची हिशेबनीस आणि माँतोयाची सहचरी आहे, तिच्यावर क्रॉकेटचा जीव जडतो आणि सोंग व सत्य यांची सरमिसळ होते. या सरमिसळीसाठीच हा सगळा पसारा मांडला आहे असे म्हणता येईल, आणि दोघांच्या नजरांमधून ती उमटतेही, मात्र शब्दांमधून फारशी नाही. फॅरेल-ली जोडीला मिळालेला वेळ पाहता जेमी फॉक्सच्या टब्सवर अन्याय झाला आहे, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

चित्रीकरणाची हकीगतही काही त्रुटींचा उलगडा करते. २००५ च्या चक्रीवादळांच्या हंगामात फ्लोरिडात काम चालू होते, आणि कॅटरिना व विल्मा ही दोन्ही वादळे त्याच वर्षी दक्षिण फ्लोरिडावरून गेली. डॉमिनिकन प्रजासत्ताकात चित्रीकरणस्थळी गोळीबाराची घटना घडली, त्यानंतर शेवटाची मूळ आखणी सोडून अंतिम चकमक मायामीत घेण्यात आली. प्रेक्षकाला या अडचणींशी देणेघेणे नसते हे खरे, परंतु शेवटचा अर्धा तास थोडा आटोपता का वाटतो याचे उत्तर बहुधा येथेच दडलेले आहे.

आवृत्त्यांची निवड हा मुद्दा दुय्यम वाटेल, पण माझ्या मते चित्रपट आवडणे-न आवडणे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्ती कोणतीही प्रस्तावना न देता गर्दीने भरलेल्या नाइटक्लबमध्ये, चालू कारवाईच्या मधोमध सुरू होते. गाणे दणदणत असते, कोण कोणावर पाळत ठेवून आहे ते कळायच्या आत फोन वाजतो आणि कथा वेगळ्याच दिशेला वळते. नंतर डीव्हीडीवर आलेली दिग्दर्शकाची आवृत्ती काही मिनिटांनी लांब असून ती पाण्यावरच्या बोटींच्या शर्यतीने उघडते. श्रेयनामावली सावकाश येते, नायकांची ओळख होते आणि नाइटक्लबमधली कारवाई का चालू आहे हेही समजते. याशिवाय मालिकेमुळे अजरामर झालेल्या फिल कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्याचा नॉनपॉइंट या बँडने केलेला अवतार येथे अंतिम चकमकीच्या आधी वाजतो. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत तो शेवटच्या श्रेयनामावलीवर होता.

दिग्दर्शकाची आवृत्ती म्हणजे अधिक अस्सल, असा एक सरसकट समज आहे. येथे तो कामाचा नाही. लांब आवृत्ती अधिक सुबोध आहे आणि टब्स-ट्रुडीच्या नात्यालाही थोडी अधिक जागा देते, त्यामुळे गोंधळ ज्यांना असह्य होतो त्यांनी तीच पाहावी. परंतु तिची सुरुवात एखाद्या नेहमीच्या ॲक्शनपटासारखी आहे आणि चकमकीआधीचे ते गाणे तर मुद्दाम टाळ्या घेण्यासाठी घातल्यासारखे वाटते. ज्या चित्रपटाने दोन तास प्रेक्षकाचे लाड केले नाहीत त्याने शेवटी अचानक ते करावेत, हे खटकते. मूळ आवृत्तीची आडदांड सुरुवात हीच चित्रपटाची वृत्ती आहे, म्हणून मी तिच्याच बाजूने आहे.

पर्यायाचा विचार करायचा तर मान यांचाच १९९५ चा ‘हीट’ डोळ्यांसमोर येतो. तेथे पोलीस आणि दरोडेखोर दोघांचीही आयुष्ये तपशिलात उलगडतात, लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरची चकमक कोण कोठे उभा आहे हे स्पष्ट दाखवत पुढे जाते आणि शेवटाला पूर्णत्वाचे समाधान मिळते. मान यांचा एकच चित्रपट पाहायचा असेल तर निःसंशय ‘हीट’ निवडावा. ‘मायामी व्हाइस’ त्याच्या तोडीचा नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. तेथे माणसे समजतात, येथे वातावरण अंगावर येते. म्हणून दिवसाउजेडी मोबाइलच्या पडद्यावर तो पाहणे म्हणजे त्याला हरवण्याची पुरेपूर तजवीज करण्यासारखे आहे. खोलीत अंधार असावा, पडदा शक्य तितका मोठा असावा आणि उपशीर्षके चालू असावीत, कारण ध्वनिमिश्रणात पुटपुटलेले संवाद हरवतात.

एवढे करूनही मन साशंक असेल, तर मूळ आवृत्ती लावून महामार्गाच्या कडेला घडणाऱ्या प्रसंगापर्यंत थांबावे. ज्याच्यामुळे कारवाई फुटली तो अलोन्सो (जॉन हॉक्स) बायकोला वाचवण्यासाठी घरी निघालेला असतो आणि टब्स त्याला एवढेच सांगतो की आता घरी जायची गरज नाही. पुढचे काही शब्दांत सांगितले जात नाही, चेहऱ्यावरून समजते, आणि अलोन्सो धावत्या वाहनांच्या ओघात पाऊल टाकतो. हा प्रसंग सुरुवातीच्या टप्प्यातच येतो. तो पाहून पुढे काय होते ते जाणून घ्यावेसे वाटले नाही, तर तेथेच चित्रपट बंद करायला हरकत नाही, कारण उरलेल्या वेळात तो आपली रीत बदलत नाही.