शंकेचं फुप्फुस शरीराबाहेर जगवताना: टोरंटो, लुंड की फिरतं यंत्र?

दात्याचं फुप्फुस शंकास्पद निघालं की प्रत्यारोपण पथकापुढे पूर्वी दोनच वाटा असत: जोखीम पत्करून बसवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. ते शरीराबाहेर ३७ अंशांवर, पंप आणि व्हेंटिलेटर लावून चालू ठेवता येऊ लागलं आणि तिसरी वाट निघाली. स्वीडनमधल्या लुंडला स्टिग स्टीन यांनी असं तपासलेलं फुप्फुस २००० साली रुग्णाला बसवलं. पुढे टोरंटोत शाफ केशवजी आणि मार्सेलो सायपेल यांच्या पथकाने ते अधिक तास टिकवण्याची रीत बसवली.

नवं केंद्र उभारणाऱ्यांना माझा सल्ला: फुप्फुसात बिघाड आहे आणि तो ओळखून सुधारायचा आहे, तर टोरंटो पद्धतीने सुरुवात करा.

या पद्धतीत फुप्फुसातून फिरवायच्या द्रावणात रक्तपेशी नसतात. प्रवाह दात्याच्या अंदाजित हृदय-प्रवाहाच्या (हृदय मिनिटाला जितकं रक्त ढकलतं त्याच्या) सुमारे ४० टक्केच ठेवतात. डाव्या अलिंदाच्या, म्हणजे फुप्फुसातलं रक्त जिथे येतं त्या हृदयाच्या कप्प्याच्या, कडेला नरसाळ्याच्या आकाराची कॅन्युला (नळी) शिवून तिथला दाब ३ ते ५ मिलिमीटर पाऱ्याइतका राखतात, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या मिटत नाहीत. दात्यातून फुप्फुस काढताना अलिंदाची कड तोकडी राहिली, तर हेच शिवणकाम जीव काढतं. प्रवाह मिनिटाला १५० मिलिलिटरपासून हळूहळू वाढवायचा, फुप्फुस ऊबदार झाल्यावरच श्वास सुरू करायचा. इथे घाई केली की पाणी साचलंच म्हणून समजा.

लुंड पद्धतीत द्रावणात लाल पेशी मिसळतात, अलिंद उघडं ठेवतात आणि प्रवाह पूर्ण हृदय-प्रवाहापर्यंत नेतात. शिवणकाम वाचतं आणि ऑक्सिजनचा आकडा शरीरातल्या स्थितीच्या जवळ जातो. मात्र पंपात पेशी फुटत जातात, त्यामुळे तास-दोन तासांत निर्णय घ्यायचा असेल तेव्हाच ही पद्धत शोभते.

पेशीविरहित द्रावणात ऑक्सिजनचा आकडा फसवा असतो, हे नव्या पथकांना फार उशिरा कळतं. फुप्फुस बिघडू लागलं तरी तो बराच वेळ चांगला दिसतो. आधी ढळते ती लवचिकता आणि वाढतो तो श्वासनलिकेतला दाब. म्हणून दर तासाला हे दोन्ही नोंदवा, एक्स-रे काढा, ब्राँकोस्कोपीने (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीने) आत डोकवा आणि हाताने चाचपा. पाण्याने जड झालेला खालचा भाग बोटांना लगेच कळतो.

टोरंटोच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोखमीची २३ फुप्फुसं चार तास चालवली, त्यांतली २० बसवली. ७२ तासांनंतर नव्या फुप्फुसाचं काम गंभीरपणे ढासळण्याचं प्रमाण या गटात १५ टक्के होतं, नेहमीच्या गटात ३०. गट लहान होते, त्यामुळे फरक निर्णायक मानता येत नाही. तरी एरवी सोडून दिली असती अशी फुप्फुसं नेहमीच्यांच्या तोडीस तोड ठरली, हे मला मोठं वाटतं.

फिरतं यंत्र दात्याच्या ठिकाणीच जोडतात आणि फुप्फुस श्वास घेतच प्रवास करतं. ३२० रुग्णांच्या चाचणीत पहिल्या ७२ तासांतला गंभीर बिघाड नेहमीसारखं बर्फात ठेवून आणलेल्या फुप्फुसांत २९.७ टक्के, यंत्रावरच्यांत १७.७ टक्के होता. अंतर लांब असेल तर हे यंत्र घ्यावं. मात्र त्याला साठवलेल्या लाल पेशी लागतात, सोबत प्रशिक्षित माणूस लागतो आणि पेटीतल्या फुप्फुसाची टेबलावरच्यासारखी निवांत तपासणी होत नाही.

अडचण नुसत्या वेळेची असेल, म्हणजे फुप्फुस चांगलं पण शस्त्रक्रिया सकाळी करायची आहे, तर यंत्रच नको. १० अंशांवर साठवणं बर्फापेक्षा फुप्फुसाला मानवतं, असं टोरंटोचं काम दाखवतं. त्यावर रात्र निघून जाते. पाणी भरलेलं किंवा संसर्गाची शंका असलेलं फुप्फुस तिथे ठेवून सुधारणार नाही. ते पंपावरच घ्यायला हवं.